हवेची वही: आभाळात काय चाललंय ते घरच्या मोजमापांवरून कसं ओळखायचं

शाळेच्या भूगोलात ‘हवा’ आणि ‘हवामान’ हे दोन शब्द वेगवेगळे शिकवतात. रोजच्या बोलण्यात मात्र आपण दोन्हीला हवामानच म्हणतो. तरी फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. एखाद्या ठिकाणी, एखाद्या वेळी किती ऊन, किती दमटपणा, वारा कुठून, आभाळ किती भरलेलं, ही त्या वेळची हवा. याच नोंदींची साधारण ३० वर्षांची सरासरी काढली की त्या जागेचं हवामान कळतं. हा लेख हवेबद्दल आहे: ती कशामुळे बदलते, आणि तो बदल दोन तापमापक, एक वायुदाबमापक, एक रिकामी बाटली आणि एक वही एवढ्या सामानात कसा टिपायचा.

आधी कारण, मग मोजमाप

ऊन हवेतून बरंचसं आरपार जातं आणि जमीन व पाणी तापवतं. त्यांच्यामुळे मग हवा तापते, म्हणजे ती वरून नव्हे तर खालून तापते. हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

हे तापणं सगळीकडे सारखं नसतं. सूर्य डोक्यावर असताना जेवढं ऊन एक चौरस मीटरवर पडतं, तेवढंच ऊन सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना दोन चौरस मीटरवर पसरतं. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्याने हा कोन वर्षभर बदलत राहतो आणि त्यातून ऋतू होतात. शिवाय पाणी तापायला कोरड्या मातीच्या चौपटीहून जास्त उष्णता लागते आणि ती उष्णता पाण्यात खोलवर मिसळते. म्हणून दुपारी किनारा भाजतो तेव्हा समुद्र गारच असतो. गरम हवा विरळ, थंड हवा जड. या फरकातून दाबाचा फरक पडतो आणि दाब जास्त तिकडून कमी तिकडे हवा सरकते, तोच वारा.

दुसरा घटक पाण्याची वाफ. एका घनमीटर जागेत १० अंश सेल्सियसला जास्तीत जास्त ९ ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते, २० अंशांना १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम. दर १० अंशांमागे जवळजवळ दुप्पट. त्यामुळे हवा थंड झाली की जास्तीची वाफ बाहेर पडते, कधी दव म्हणून, कधी धुकं किंवा ढग म्हणून. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते आणि वाफेचे थेंब होताना तेवढीच उष्णता परत मिळते. एक चौरस किलोमीटरवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ते १०,००० टन पाणी होतं. ते थेंब होताना केवढी उष्णता ढगात सुटली असेल याचा हिशोब करून पाहा, म्हणजे वादळाला जोर कुठून येतो ते कळेल.

तिसरी गोष्ट, वर चढणारी हवा थंड होते. वर दाब कमी म्हणून ती फुगते, फुगताना स्वतःचीच उष्णता खर्च करते. ढग होण्याआधी ती दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. ढग व्हायला लागला की वाफेची उष्णता मिळत असल्याने हा वेग कमी होऊन ४ ते ७ अंशांवर येतो. उलट, खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि तिच्यातले ढग विरतात. कमी दाबाच्या जागी हवा वर चढते म्हणून आभाळ भरलेलं, आणि जास्त दाबाच्या जागी ती खाली उतरते म्हणून निरभ्र असतं.

पायरी १: तापमापक कुठे टांगायचा

घरगुती नोंदींतल्या बऱ्याच चुका इथेच होतात. तापमापक हवेचं तापमान दाखवत नाही, स्वतःचं दाखवतो. आपलं काम एवढंच, की त्याचं स्वतःचं तापमान आजूबाजूच्या हवेइतकं राहील अशी जागा त्याला द्यायची. उन्हात ठेवलेला तापमापक ऊन शोषतो आणि कित्येक अंश जास्त दाखवतो. भिंतीला टेकवला तर संध्याकाळी भिंतीत साठलेली उष्णता मोजतो. सिमेंटच्या गच्चीवरचा आकडा म्हणजे गच्चीचं तापमान.

वेधशाळा यासाठी स्टीव्हन्सन पेटी वापरतात. पांढरी, चारी बाजूंना दुहेरी झडपा असलेली लाकडी पेटी, जिच्यातून वारा जातो पण ऊन आत येत नाही. १८६४ मध्ये थॉमस स्टीव्हन्सन या अभियंत्याने ती मांडली. तापमापकाचा फुगा जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर, पेटीखाली गवत किंवा उघडी माती, आणि दार उत्तर गोलार्धात उत्तरेकडे, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे, म्हणजे वाचताना ऊन आत घुसत नाही.

घरी त्याऐवजी पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्यांची उतरंड करता येते:

१. बशीएवढ्या ७-८ खोलगट ताटल्या घ्या. एक अखंड ठेवा, ती छप्पर होईल. मधल्या ताटल्यांना मध्यभागी तापमापकाचा संवेदक मोकळा राहील एवढं भोक पाडा.
२. ताटल्या पालथ्या, एकावर एक, मध्ये दीड ते दोन सेंटिमीटर जागा सोडून तीन लांब स्क्रूंवर बसवा. अंतर राखायला प्लास्टिकच्या नळीचे तुकडे चालतात.
३. संवेदक बरोबर मध्ये लोंबता ठेवा, कुठेही टेकू देऊ नका.
४. ताटली उन्हाकडे धरून बघा. उजेड आरपार दिसत असेल तर ऊनही आत जाणार. अशा ताटल्यांना बाहेरून पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या.

तापमापक पाण्यात बुडवण्याजोगा असेल तर तो तपासून घ्या. ठेचलेला बर्फ भांडंभर घ्या, त्यात बर्फाच्या फटी भरतील एवढंच शुद्ध पाणी घाला, ढवळा आणि पाच मिनिटांनी वाचा. ० अंश यायला हवा. ०.६ दाखवला तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून ०.६ वजा करा. काचेचा तापमापक वाचताना डोळा द्रवाच्या टोकाच्या अगदी समोर ठेवा, आणि आधी दशांश वाचा, मग पूर्ण अंश. उलट का? तुमचा श्वास आणि अंगाची ऊब काही सेकंदांत आकडा वर ढकलते, आणि पहिल्यांदा बिघडतो तो दशांशच.

दिवसाचं कमाल तापमान दुपारी बाराला नसतं, साधारण २ ते ४ च्या दरम्यान असतं. सूर्य कलायला लागला तरी जमिनीला मिळणारी उष्णता तिच्याकडून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा काही काळ जास्तच राहते. किमान तापमान याच कारणाने सूर्योदयाच्या आसपास. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताच्या पातीजवळ पेटीतल्यापेक्षा कित्येक अंश कमी असतं, म्हणून पेटीत ३-४ अंश असताना गवतावर हिमकण दिसतात. ढगाळ रात्री ढग जमिनीची उष्णता शोषून काही खाली परत पाठवतात आणि पहाट उबदार राहते.

पायरी २: दमटपणा, आणि तो टक्क्यांत का समजत नाही

स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक चालतो, पण तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबाथेंबाने पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळू देऊ नका. झाकण आणि यंत्र एका हवाबंद पिशवीत १० ते १२ तास ठेवा. आत आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला जास्तीत जास्त राहू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेली वाफ, ७५ टक्के होते. यंत्र ६९ दाखवत असेल तर ६ मिळवत जा.

याहून भरवशाची आणि जुनी पद्धत म्हणजे कोरडा आणि ओला फुगा. सारखे दोन तापमापक शेजारी टांगा. एकाच्या फुग्यावर मलमलीचा तुकडा घट्ट बसवा, त्याची वात खाली शुद्ध पाण्याच्या लहान बाटलीत सोडा. नळाच्या पाण्यातले क्षार कापडावर साचतात आणि पाणी नीट चढत नाही. तेव्हा उकळून गाळलेलं नव्हे, ऊर्ध्वपातित (वाफ थंड करून मिळवलेलं) पाणीच वापरा. कापड दर एक-दोन आठवड्यांनी बदला, धुळीच्या दिवसांत लवकर. वाचायच्या आधी दोन-तीन मिनिटं पुठ्ठ्याने वारा घाला, कारण स्थिर हवेत ओल्या फुग्याभोवती दमट थर साचतो आणि आकडा जास्त येतो.

समजा कोरडा ३० अंश, ओला २५ अंश. ओल्या तापमानाला वाफेचा कमाल दाब, म्हणजे जास्तीत जास्त वाफ असताना तिचा जेवढा दाब असतो तो, बाष्पदाबाच्या कोष्टकातून घ्या: २५ अंशांना ३१.७ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक). दोन्ही आकड्यांतला फरक ५, त्याला ०.६७ ने गुणा, आले ३.४. ते वजा केले की हवेतल्या वाफेचा दाब २८.३. आता ३० अंशांना कमाल दाब ४२.४. भागाकार केला की आर्द्रता ६७ टक्के. २८.३ हा कमाल दाब कोष्टकात २३ अंशांजवळ सापडतो. तो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा थंड झाली की तिच्यातली वाफ दव होऊ लागते ते तापमान. समुद्रसपाटीजवळ ०.६७ चालतो, उंचावर हवेचा दाब जितका कमी तितका तो कमी करा.

कोष्टक हाताशी नसेल आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर सोपा ठोकताळा असा: १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा, उत्तर तापमानातून काढा. इथे ३३ भागिले ५ म्हणजे ६.६, आणि ३० उणे ६.६ म्हणजे २३.४. जवळपास तेच.

वहीत दवबिंदू लिहाच, नुसते टक्के नकोत. सकाळी २६ अंशांना ८९ टक्के असलेली आर्द्रता दुपारी ३३ अंशांना ५९ वर येते, आणि बघणाऱ्याला वाटतं हवा कोरडी झाली. प्रत्यक्षात वाफ तेवढीच आहे, दवबिंदू दोन्ही वेळी २४ अंश. बदललंय ते फक्त तापमान. दवबिंदू स्वतः दोन-तीन अंशांनी हलला तर मात्र नवी हवा आली आहे, दुसऱ्याच प्रदेशातून.

दवबिंदूचा आणखी एक उपयोग. दुपारच्या तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा. कापसाच्या ढिगासारख्या ढगांचा सपाट तळ साधारण तेवढ्या मीटरवर असतो. ३० आणि २३ ला ८७५ मीटर. शेजारी डोंगर असेल तर त्याच्या उंचीवरून हे पडताळूनही पाहता येतं.

पायरी ३: दाब, आणि रोजची भरती-ओहोटी

समुद्रसपाटीचा प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल. जमिनीलगत सुमारे ८ मीटर वर गेलं की १ हेक्टोपास्कल कमी होतो. म्हणून बॅरोमीटर (वायुदाबमापक), किंवा ज्याच्यात दाबाचा संवेदक आहे असा फोन, रोज एकाच जागी, एकाच मजल्यावर वाचा. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेलात तर हवा जागची हलली नसतानाही १ हून जास्त हेक्टोपास्कलची घट दिसेल. तबकडीचा बॅरोमीटर पहिल्यांदा लावताना जवळच्या वेधशाळेने दिलेल्या समुद्रसपाटीच्या आकड्याशी जुळवून घ्या, वारा शांत असताना. वाचण्याआधी काचेवर हलकी टिचकी मारा, म्हणजे अडकलेला काटा सुटतो.

तबकडीवर छापलेले ‘पाऊस’, ‘स्वच्छ’ हे शब्द सोडून द्या. आकडा किती यापेक्षा तो कुठे चाललाय ते महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. सूर्याच्या उष्णतेमुळे सगळ्या वातावरणात दिवसातून दोनदा लाट उठते. दाब सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास वर जातो, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमारास खाली येतो. उष्ण कटिबंधात सकाळी १० ते दुपारी ४ मधली घट २ ते ४ हेक्टोपास्कल असू शकते, ध्रुवांकडे ती नगण्य होते.

सकाळी १००८.२ होता, दुपारी ४ ला १००४.९ झाला. वादळ येतंय? कालचं पान उघडा. काल याच वेळांना १००८.५ आणि १००५.१ होते. म्हणजे आजचा खरा बदल ०.२-०.३ एवढाच, बाकी सगळी रोजची ओहोटी. उष्ण प्रदेशात नेहमी २४ तासांपूर्वीच्या त्याच वेळच्या आकड्याशी तुलना करा, आणि तिथे ३ हून जास्त घट दिसली तर ती गंभीरपणे घ्या. मध्य अक्षांशांत दाब एरवीच जास्त हलतो, तिथे ३ तासांत ३.५ हून जास्त घट म्हणजे वेगाने जवळ येणारं वादळी क्षेत्र. सरकारी यंत्रणेचा इशारा निघाला असेल तर तोच पाळा. एका घरातला बॅरोमीटर चक्रीवादळाचा मार्ग सांगू शकत नाही.

पायरी ४: वारा

वाऱ्याला नाव मिळतं ते तो जिकडून येतो त्या दिशेचं. पश्चिमेचा वारा पूर्वेकडे जातो. मोकळ्या जागी उंच काठीला हलकी फीत बांधा आणि होकायंत्रावरून दिशा लिहा. वेधशाळा वारा १० मीटर उंचीवर मोजतात. घरांच्या मध्ये तो वळसे घेतो, म्हणून वरच्या ढगांची चालही वेगळी नोंदवा.

वेगासाठी झाड पुरतं. धूर सरळ वर जातोय म्हणजे शांत. पानं सळसळतात, चेहऱ्याला वारा जाणवतो, ताशी ६ ते ११ किलोमीटर. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, १२ ते १९. धूळ आणि कागद उडतात, २० ते २८. लहान झाडं डोलतात, २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलतात, तारा घोंगावतात, छत्री धरवत नाही, ३९ ते ४९. ही फ्रान्सिस बोफर्टची मोजपट्टी. १८०५ मध्ये त्याने ती जहाजांच्या शिडांवरून सुरू केली होती.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा कमी दाबाकडे सरळ न जाता उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो. म्हणून उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा: कमी दाब तुमच्या डावीकडे, किंचित पुढे असेल. दक्षिणेत उजवीकडे. विषुववृत्ताजवळ हा नियम लागू पडत नाही, आणि किनाऱ्यावर दुपारच्या खाऱ्या वाऱ्यालाही लावू नका.

पायरी ५: बाटलीचा पर्जन्यमापक

दोन लिटरची सरळ अंगाची बाटली खांद्याखाली कापा. वरचा भाग उलटा करून आत नरसाळ्यासारखा बसवा. बुडाचे खळगे आकडा बिघडवतात, म्हणून तळाशी खडे टाका आणि बाटलीचं अंग सरळ होतं तिथपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. रिकामी केल्यावर पाणी पुन्हा शून्यापर्यंत आणायला विसरू नका.

तोंड आणि बाटली सारख्या व्यासाची नसतील तर पट्टी चुकते. मग पाणी मोजपात्रात ओता, मिलिलिटरला १० ने गुणून तोंडाच्या चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाने भागा. तोंड ११ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ ९५. २४० मिलिलिटर पाणी म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर.

बाटली जमिनीपासून फूटभर वर, तोंड सपाट, आणि झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा. याहून खाली ठेवली तर जमिनीवरचे शिंतोडे आत उडतात. गच्चीवर ठेवली तर कठड्यावरून उसळणारा वारा थेंब तोंडावरून पुढे नेतो आणि आकडा कमी येतो. रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचून रिकामी करा. आज सकाळी ८ ची नोंद ही गेल्या २४ तासांच्या पावसाची असते.

पायरी ६: ढग, आणि सगळं एकत्र वाचणं

ढगांना नावं दिली लंडनच्या ल्यूक हॉवर्डने, १८०२ मध्ये. तीन पुरतात: पिसांसारखे तंतुमेघ, चादरीसारखे स्तरमेघ, ढिगासारखे राशिमेघ. तंतुमेघ बर्फाच्या कणांचे असतात. त्यांची पातळ चादर पसरली की सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. हात लांब करून ताणलेल्या वितीएवढी, २२ अंशांची त्याची त्रिज्या. मध्य अक्षांशांत खळ्यामागून ढग जाड आणि खाली होत गेले, दाबही उतरत असला, तर दिवसभरात पाऊस येण्याची शक्यता चांगली असते. चंद्राला चिकटून दिसणारं लहान रंगीत वलय निराळं, ते पाण्याच्या थेंबांमुळे होतं आणि त्याला हा अर्थ नाही.

आता एक गडगडाटी दुपार वहीतून पाहू. सकाळी ८ ला २६ अंश, दवबिंदू २४, दाब कालच्यापेक्षा १ ने कमी. ११ ला राशिमेघ दिसू लागले. ते रुंदीपेक्षा उंच वाढत आहेत का एवढंच बघा. रुंद आणि चपटे राहिले तर वरच्या गरम थराने त्यांना अडवलंय. फुलकोबीसारखे उभे चढत गेले तर आतली हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आहे, म्हणजे वाफेची उष्णता त्यांना वर ढकलते आहे. दुपारी ३३ अंश, ढगांचा तळ ११०० मीटरच्या आसपास. वरचं टोक ऐरणीसारखं पसरलं की तो क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी पावसाचा ढग, वातावरणाच्या खालच्या थराच्या छताला टेकलेला.

वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर मोजमाप सोडून पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका.

पावसाच्या काही मिनिटं आधी गार झोत येतो. ढगाखाली पडणारे थेंब वाटेत अंशतः वाफ होऊन हवेची उष्णता घेतात. थंड, जड झालेली ती हवा खाली कोसळून चहूकडे पसरते. घरात बसूनही ते वहीत उतरवता येतं: तापमान ५ ते १० अंश खाली, वारा एकदम फिरलेला, आणि उतरत असलेला दाब एक-दोन हेक्टोपास्कलने झटकन वर. या तिन्हींची वेळ मिनिटासकट लिहा, आणि पहिला टपोरा थेंब कधी पडला तेही. झोत कुठून आला ते वाऱ्याच्या नव्या दिशेवरून कळेल. पुढच्या वेळी त्या बाजूचं आभाळ आधी पाहा.